बोराच्या सायडरसोबत काय द्यावं

गिरणाऱ्याच्या पुढे, डांबर संपतं तिथे
पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या सहा टाक्या.
मालकांचं आडनाव पगार.
पगार मात्र दहा तारखेनंतर कधीतरी,
आणि हा विनोद शेडमध्ये फक्त तेच करतात.

द्राक्षाची काय, ते म्हणतात,
ओझरपासून दिंडोरीपर्यंत कोण नाही करत?
आपण करू जांभळाची, करवंदाची,
सायडर पेरूचा, आणि एक बोराचा.
माझ्याकडे चिठ्ठ्या लिहायचं काम :
बाटलीत काय आहे, शेजारी ताटात काय असावं.

नमुन्याला एक कागद दिला होता कुठल्या तरी परदेशी वाइनचा.
त्यात गूजबेरी, ओली स्लेट, घोड्याचं खोगीर.
गूजबेरी मी खाल्लेली नाही.
खोगीर पाहिलंय, चाटलेलं नाही.
ओली स्लेट मात्र ओळखीची,
थुंकी लावून पुसलेली पाटी,
दुसरी ब, खिडकीजवळचा बाक.

जांभूळ सोपं निघालं.
जिभेला तुरट अस्तर चढतं, त्याला तेल हवं :
खुरासणीची चटणी, वर कच्च्या तेलाची धार.
करवंदाला काळ्या मसाल्याचं मटण,
रस्सा पातळ झाला की करवंद चिडतं.
पेरू मिसळीच्या तर्रीशी भांडेल असं वाटलेलं,
तो तिच्या शेजारी बसून
तिला वारा घालत राहिला.

बोर राहिलं.
नाकाला छान, दप्तराच्या तळाशी विसरलेल्या जानेवारीसारखं,
पण घशाशी जाऊन कडू,
आणि मग काहीच नाही.
चिवड्यासोबत साबण.
भरल्या वांग्यापुढे मुकं.
पगारांनी पुण्याहून निळ्या बुरशीचं चीज आणलं,
दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली.
माझ्या नवऱ्यानं एका रविवारी पापलेट तळलं.
पापलेट चांगलं झालं होतं. इतकंच.
एकोणीस दिवस,
वहीत एकोणीस फुल्या.

विसाव्या दिवशी हरसूलहून यमुना भोये आल्या
बोरांचे राहिलेले पैसे मागायला.
पगार बाहेर गेलेले.
त्यांना पैशाचा वास लांबून येतो, जाणाऱ्या पैशाचा.
यमुनाबाई टाकीच्या सावलीत बसल्या,
फडकं सोडलं :
नागलीची भाकरी, भाजलेली सुकट,
लसूण, मिरची, जाडं मीठ.
एवढा धूर आणि समुद्र
त्या शेडमध्ये आधी कधी आला नव्हता.

माझ्या हातातला पेला बघून म्हणाल्या, काय ते?
तुमचीच बोरं, म्हटलं.
एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
मग घास खाल्ला, मग दुसरा घोट,
आणि पेला खाली न ठेवता माझ्यासाठी भाकरी मोडली.
"बोर नुसतं कोण खातं? मीठ नको?"

मी खाल्लं. प्यायले.
कडू जिथे थांबायचं तिथे आता
मिठानं एक दार उघडलं होतं,
आणि आत शाळेबाहेरची हातगाडी,
वर्तमानपत्राची पुडी, तिखटानं लाल झालेली बोटं.
एकोणीस दिवस मी ताटात शोधत होते
आणि उत्तर चाराण्याच्या पुडीत होतं.

"केवढ्याला बाटली?"
साडेसहाशे, मी सांगितलं, जरा हळूच.
त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं,
पुन्हा मोजलं,
आणि उरलेलं सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

चिठ्ठीवर मी लिहिलं :
भाजलेली सुकट, नागलीची भाकरी, हातचं न राखता मीठ.
पगारांनी सुकट खोडून स्मोक्ड फिश केलं.
करू देत.
गल्ल्याची किल्ली त्या दिवशी माझ्याकडे होती.
पावती फाडली यमुना भोये यांच्या नावे :
बोरं, मागील बाकी, चार हजार दोनशे.
त्याखाली, त्याच अक्षरात :
चवीबद्दल सल्ला, साडेसहाशे.

कार्बनची प्रत फाईलमध्ये आहे.
पगारांनी अजून वाचलेली नाही.